धुतलेलं मीठ

निघण्याआधी एक सांगून ठेवते. या प्रवासात तुमचे पाय दुखणार नाहीत, भूकही जाणवणार नाही. तहान मात्र लागेल, आणि ती स्वतःच्या हातानं भागवता येणार नाही. दर ठिकाणी कुणाकडे तरी पाणी मागावं लागेल. ते कोण देतं, कसं देतं आणि देण्याआधी काय विचारतं, एवढ्यावर लक्ष ठेवा.

तुम्ही जलालपुरात आहात. नाशिकजवळचं गोदावरीकाठचं हे लहान गाव. साल 1875 च्या आसपासचं धरा. सकाळची उन्हं तिरपी पडली आहेत आणि गोखल्यांच्या घरात बाजारातून आलेलं मीठ धुणं चाललंय. चुकून ऐकलं असं वाटेल, पण मीठच. खडे पाण्यात पडले की त्यांच्या कडा लगेच विरू लागतात, म्हणून हात भराभर चालवावा लागतो. तरी जे जायचं ते पाण्याबरोबर जातंच. उरलेलं ओलं मीठ उन्हात पसरायचं. धान्य धुवायचं. साखरसुद्धा. बाहेरच्या हाताचा स्पर्श झालेली कुठलीच वस्तू या घरात धुतल्याशिवाय आत येत नाही.

हे वेड नुसत्या कर्मठपणातून आलेलं नाही. 1857 च्या धामधुमीत घरधन्याच्या सासऱ्यांना, वासुदेव भगवंत जोगळेकरांना, इंग्रजांनी फाशी दिलं. त्या तडाख्यानं हा माणूस जो हादरला तो सोवळ्याच्या आश्रयाला गेला आणि तिथून कधी परतलाच नाही. सगळं घर त्याच्या भीतीला बांधलं गेलं. दाराआडून सगळं बघत उभी असलेली सहा-सात वर्षांची पोर दिसते का? ती मनू. अकराव्या वर्षी तिचं लग्न होईल आणि ती लक्ष्मीबाई टिळक होईल.

पाणी मागा. आतून आधी प्रश्न येतो, "कोण तुम्ही?" उत्तर पटलं तर ओंजळ पुढे करायची. वरून धार पडेल. तांब्या तुमच्या बोटांना लागणार नाही. तुम्ही घाईघाईनं पिता, अर्धं पाणी कोपरावरून ओघळतं आणि तुम्ही उभे होता तिथे नंतर पुन्हा पाणी टाकल्याचा आवाज पाठीमागून ऐकू येतो.

तो आवाज लक्षात असू द्या.

आता एकदम मुंबई. तारीख 10 फेब्रुवारी 1895. प्रार्थनामंदिरात मागच्या बाजूला जागा आहे, तिथे बसा. समोर उभे असलेले गृहस्थ तेहतीस वर्षांचे आहेत. नारायण वामन टिळक, कवी, संस्कृतचे जाणते. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत भेटलेल्या एका गोऱ्या प्रवाशानं त्यांना नवा करार दिला होता. वाचीन, असं त्यांनी कबूल केलं होतं आणि दिलेला शब्द पाळला होता. वाचता वाचता डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते अडकले. त्याच प्रवचनात मिठाचा दाखला आहे: खारटपणा गेलेल्या मिठाचं पुढे काय होतं त्याचा. ज्याच्या सासुरवाडीला मीठ धुतलं जात होतं, त्या जावयाला ती ओळ कशी लागली असेल, असा प्रश्न मला फार दिवस पडलेला आहे.

डोक्यावर पाणी पडतं. चार थेंब. विधी संपतो.

त्या चार थेंबांनी किती घरं भिजली ते आता बघायचं आहे. नाशिककडे बातमी पोहोचायला वेळ लागत नाही. तिथे लक्ष्मीबाई आहेत, वय सव्वीस, पदरात लहानगा दत्तू. पदरातली बाकीची मुलं देवानं आधीच नेलेली. या घटकेला घरात जो आकांत झाला तो मी रंगवून सांगणार नाही, कारण स्वतः बाईंनी तो सांगितला आहे आणि त्यावर कुणी आपली शाई चालवू नये. तुम्ही फक्त ओसरीवरची कुजबूज ऐका. माणूस गेला असता तर काय करायचं ते सगळ्यांना ठाऊक आहे. हा गेलेला नाही. पण आहे असंही म्हणता येत नाही. बाईनं कुंकू लावायचं की नाही? मुलाची मुंज कुणी लावायची?

आपण आज ज्याला घटस्फोट म्हणतो त्या शब्दाचा जुना अर्थ तुम्हाला माहीत नसेल तर इथेच समजून घ्या. धर्मशास्त्रात पतित झालेल्या माणसाचे भाऊबंद तो जिवंत असतानाच त्याला मेल्यासारखं पाणी देत. मग भरलेला घट दासीकडून पायानं उलथवला जाई. घट लवंडला की नातं संपलं. माणूस त्यानंतर चाळीस वर्षं जगला तरी त्याच्याशी बोलायचं नाही, बसायचं नाही. वेगळं होणं म्हणजे पाणी तुटणं, हे आपल्या भाषेलाच माहीत होतं.

सरकारी कायदा मात्र वेगळंच सांगत होता. 1850 पासून धर्म बदलला किंवा जातीबाहेर पडलं म्हणून वारसाहक्क जात नव्हता. म्हणजे वाटा शाबूत होता, पाट गेला होता. पंगतीतला तो लाकडी पाट कुठल्या कोर्टाला परत मिळवून देता येणार?

तुम्ही पंढरपुरात या. लक्ष्मीबाई इथे नातलगांच्या आधारानं दिवस काढतायत. चंद्रभागेच्या वाळवंटात पहाटे गारठा आहे. ओली लुगडी, तुळशीचा वास, दुरून टाळांचा आवाज. घाटावर एक बाई दुसरीला डोळ्यानं खुणावते: तीच, किरिस्तावाची बायको. खूण करणारीच्या मनात दुष्टपणा नाही. उद्या हीच बाई दत्तूच्या हातावर खोबरं ठेवील. पण कीव रोज अंगावर घेऊन फिरणं सोपं नसतं. एखाद्या तासात तुम्हाला ते असह्य होतं. बाईंना वर्षांमागून वर्षं काढायची आहेत, पाचाच्या घरात जातील इतकी.

इथे मला टिळकांचा राग येतो आणि तो मी लपवणार नाही. त्यांचा देवाशी झालेला करार त्यांचा होता, पण हप्ते बायकोनं फेडले. ख्रिस्तासाठी घरदार सोडणाऱ्यांच्या गोष्टी आम्ही उपासनेत किती आदरानं ऐकतो! सोडलेल्या घरात मागे कोण राहिलं, चूल कुणी पेटवली, हे विचारायची पद्धत नाही. मी ख्रिस्ती आहे म्हणून हे मला जास्त टोचतं.

पण न्यायानं दुसरी बाजूही सांगायला हवी. 1866 च्या कायद्यानं धर्मांतर केलेल्या माणसाला एक वाट मोकळी करून दिली होती. जोडीदार नांदायला येत नसेल तर कोर्टात अर्ज करावा, कोर्ट विचार करायला मुदत देई, तरीही नकार आला तर विवाह मोडता येई आणि दुसरं लग्न करता येई. टिळकांनी त्या वाटेकडे पाऊल टाकलं नाही. तेही थांबले, तिकडे एकटे. प्रेमाची ही बाजू मला त्यांच्या बाप्तिस्म्याइतकीच मोलाची वाटते.

लक्ष्मीबाई वाट पाहतायत. तेवढ्यात आपण आणखी चाळीस वर्षं मागे जाऊन येऊ, कारण ही कथा फक्त ब्राह्मणांच्या घरची समजली तर मोठा अन्याय होईल.

नगर जिल्ह्यातलं कुठलंही गाव घ्या. साल 1855. अमेरिकन मराठी मिशन 1831 पासून अहमदनगरात आहे आणि गावोगावच्या महारवाड्यांतून माणसं शाळेत, प्रार्थनेला येऊ लागली आहेत. तुम्ही एका झोपडीच्या उंबऱ्याशी बसला आहात. कोपऱ्यात येसकराची काठी टेकवून ठेवली आहे. या काठीच्या बळावर रोज संध्याकाळी घरोघर भाकरी मागायची, तो हक्क. बदल्यात वेशीची राखण, सरकारी टपाल, मेलेलं ढोर ओढणं, आणि देवीच्या जत्रेतली ठरलेली कामं. घरातल्या माणसानं आता येशूचं नाव घेतलंय आणि देवीपुढची कामं करणार नाही असं पाटलाला सांगून तो आलाय.

संध्याकाळ होते. टोपली घेऊन गेलेली पोर परत येते. टोपलीत काही नाही.

तिच्या आईकडे पाहा. ती नवऱ्याला काही बोलत नाही. चुलीवर पाणी चढवते आणि त्यात असेल ते पीठ सोडते, पातळ. मीठ? चिमूटभर आहे, तेही जपून. तिकडे जलालपुरात धुऊन वाहून गेलेलं मीठ तुम्हाला आठवतं आणि घशाशी काहीतरी येतं.

या घरात पाणी मागाल तर ती दचकेल. तुमच्यासारख्यानं तिच्याकडे पाणी मागितल्याची तिच्या आठवणीत गोष्ट नाही. गावच्या विहिरीवर तिला आधीच मज्जाव आहे, धर्म बदलून त्यात फरक पडलेला नाही. आता भाऊबंदांनीही तोंड फिरवलंय, मुलांच्या सोयरिकी कुठे जुळणार ते देव जाणे. मडक्याच्या तळाचं पाणी ती तुम्हाला गाडग्यात देते. तोंडाला लावून, घोटाघोटानं तुम्ही पिता. ती बघत राहते.

तिचं नाव कुठल्याही पुस्तकात नाही. टिळकांचं आहे, लेखक बाबा पदमनजींचं आहे, पंडिता रमाबाईंचं आहे. ज्यांनी संध्याकाळची भाकरी गमावली त्यांची नावं बहुतेक मिशनच्या जुन्या नोंदवह्यांत गेली, काहींची तर तिथेही नाहीत. मराठी ख्रिस्ती मंडळी उभी आहे ती जास्त करून यांच्या उपाशी रात्रींवर. हे मी ठासून सांगते, कारण आमच्यातसुद्धा हे विसरलं जातं.

रमाबाईंकडेही एक चक्कर टाकायला हवी. इंग्लंडातलं वाँटेज, साल 1883. भगिनींच्या आश्रमातलं जेवणाचं टेबल. 29 सप्टेंबरला पंडिता रमाबाईंनी इथे लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला आहे. आईबाप दुष्काळात गेले, भाऊ गेला, नवरा गेला, बरोबर आलेली मैत्रीण याच आश्रमात गेली. जातही सोडली. आता आणखी काय द्यायचं राहिलं? ताटलीत पुडिंग येतं. त्यात अंडं आहे. रमाबाई ते बाजूला सारतात.

टेबलावर क्षणभर शांतता पसरते. ख्रिस्ती झालात, मग एवढं कशाला धरून ठेवायचं, असा तिथल्या प्रेमळ भगिनींचा खरा प्रश्न आहे. रमाबाई शाकाहार सोडत नाहीत. क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, असंही त्या विचारतात. मला हा क्षण फार महत्त्वाचा वाटतो. देवानं मागितलेलं आणि माणसांनी मागितलेलं यांत फरक करता येणं हाही भक्तीचाच भाग आहे. रमाबाईंनी तो फरक आयुष्यभर केला आणि दोन्हीकडून बोल खाल्ले. पुण्यात 1893 साली त्यांनी चालवलेल्या शारदा सदनात मुली प्रार्थनेला बसतात म्हणून गदारोळ उठला, रानडे-भांडारकरांसारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. ज्या शहरानं तिला डोक्यावर घेतलं होतं तिथेच तिला दारं बंद झाली. तिकडे गोऱ्या हितचिंतकांना ती हट्टी वाटत राहिली.

रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती सदनात तुम्हाला विहिरीचं पाणी मिळेल. दुष्काळात मध्य प्रांतातून आणि पुढे गुजरातेतून आणलेल्या शेकडो मुली त्या पाण्यावर जगल्या. छापखान्यात बायका खिळे जुळवतायत, शिशाचा वास येतोय. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणण्याचं काम रमाबाई वर्षानुवर्षं करतायत. कान गेले आहेत. 1921 च्या जुलैत मनोरमा गेली. एकुलती एक. आई त्यानंतरही मुद्रितं तपासत राहिली आणि 5 एप्रिल 1922 ला गेली. ते बायबल छापून बाहेर आलं 1924 साली.

चला, लक्ष्मीबाईंना फार वेळ थांबवलं.

राहुरी, 1900 साल. बाई नवऱ्याकडे आल्या आहेत, पण आपलं सोवळं बरोबर घेऊन आल्या. आधी नगरात नवऱ्याजवळ राहताना त्यांनी चूल वेगळी ठेवली होती. नवरा ख्रिस्ती, बायको ब्राह्मण, एकाच संसारात दोन पाणवठे. टिळकांनी सक्ती केली नाही. एवढ्या वर्षांत तेही काही शिकले असावेत. बाहेर दुष्काळ आहे, ओसाड शिवार, माणसं आणि गुरं सारखीच वाळलेली. अशा दिवसांत कुणाच्या हातचं खावं न खावं हा प्रश्न बाईंच्या मनात उलटापालटा होऊ लागतो. ही उतरंड देवानं रचली की माणसानं? त्या स्वतःशीच वाद घालतात. नवऱ्यानं पढवून दिलेलं उत्तर त्यांना नको आहे. आणि एकदा आतून उत्तर आलं, की माणसानं रचली, तेव्हा त्या मागे वळून बघत नाहीत. आता कुणाच्याही हातचं पाणी चालेल.

बापानं मीठ धुतलं होतं. त्या घरातून निघालेल्या मुलीला या एका घोटापर्यंत यायला पंचवीस वर्षं लागली. त्याच साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मला विचाराल तर त्यांचा खरा बाप्तिस्मा त्या घोटात झाला.

टिळकांना 1904 मध्ये पाळकाची दीक्षा मिळाली. नगरचं त्यांचं घर भरतं राहिलं, आल्यागेल्यांनी, पोरक्या मुलांनी, कवींनी. बालकवी ठोमरे काही काळ याच घरी राहून गेले. ख्रिस्ताची भजनं अभंग-ओव्यांच्या चालीत आली, कीर्तन आलं. आता विसावा, असं तुम्हाला वाटतं. पण 1917 साली टिळकांनी मिशनचा पगारही सोडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्तावर प्रेम करणारे सगळे एकत्र यावेत म्हणून त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला आणि साताऱ्याची वाट धरली. पहिल्या वेळी जात आणि आप्त गेले होते, ते तरी बाहेरच्यांनी हिसकावलेले. हे कुणीच मागितलं नव्हतं. महिन्याच्या महिन्याला येणारी, हक्काची, प्रतिष्ठेची रक्कम, आणि तीही पंचावन्न वर्षांच्या, प्रकृती खालावलेल्या माणसाची. दोन वर्षांनी, 9 मे 1919 ला, ते मुंबईत गेले.

या वेळी लक्ष्मीबाईंना विचारलं होतं का? निदान या वेळी त्या बरोबर होत्या.

शेवटचा मुक्काम पुन्हा नाशिक. 1934-35 साल. जलालपूर इथून हाकेच्या अंतरावर. त्यांच्या आठवणी ‘स्मृतिचित्रे’ म्हणून भागाभागांनी बाहेर पडतायत. मुलाला वडिलांचं चरित्र लिहायचं होतं, त्यासाठी या आठवणींना सुरुवात झाली होती. त्यात मीठ धुणारे वडील आहेत, घाटावरच्या बायका आहेत, न सांगता निघून जाणारा नवरा आहे, आणि कुणावरही सूड नाही. शाळेत न गेलेल्या बाईनं हे लिहिलंय.

दुसरी एक वही आहे. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य लिहायला घेतलं होतं. सुरुवातीचे मोजके अध्याय झाले आणि ते गेले. जिथे त्यांची लेखणी थांबली तिथून बाईंनी पुढे लिहायला घेतलं. थोडेथोडके नाहीत, चौसष्ट अध्याय. ज्या ख्रिस्तापायी या माणसानं आपल्याला ऐन विशीत वाऱ्यावर सोडलं, त्याच ख्रिस्ताची कथा, त्याच माणसाच्या अपुऱ्या कामाला जोडून. फेब्रुवारी 1936 मध्ये त्या जातील आणि पुस्तक 1938 साली निघेल.

तुम्ही दारात उभे आहात. ऊन चढलंय, घसा कोरडा पडलाय. आतून एक मुलगी तांब्या-भांडं घेऊन येते. सवयीनं तुम्ही ओंजळ पुढे करता. ती बुचकळ्यात पडते, तुमच्या हातांकडे बघते, मग भांडं भरून सरळ तुमच्या हातात देते आणि आत निघून जाते. आत कुणीतरी हसतंय. तुम्ही भांडं ओठांना लावता.